रात्री उशिरापर्यंत चालणारे दुकान लुटीपासून कसे सांभाळावे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रात्री उशिरापर्यंत किंवा चोवीस तास उघडे राहणारे छोटे दुकान नव्याने चालवायला घेतलेले मालक आणि अशा दुकानात पहिल्यांदाच रात्रपाळीला उभे राहणारे कर्मचारी यांच्यासाठी हा लेख आहे. नजर चुकवून माल उचलणे, बंद दुकान फोडणे आणि शस्त्राचा धाक दाखवून गल्ला रिकामा करायला लावणे हे तीन वेगवेगळे गुन्हे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत. इथे विचार फक्त तिसऱ्याचा केला आहे, कारण त्यात मालाबरोबर माणसाचा जीवही पणाला लागतो. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने १९९६ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या हिंसेविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. लोकांशी थेट संबंध, पैशांची देवघेव, एकट्याने किंवा मोजक्या माणसांनी काम करणे आणि रात्री उशिरा काम करणे, ही धोका वाढवणारी कारणे त्यात नोंदवलेली आहेत. रात्रीच्या दुकानात ही सगळी कारणे एकाच काउंटरवर एकत्र येतात.

आधी लुटारूचा हिशेब समजून घ्या

लूट करायची की नाही, हे बहुतेक वेळा दुकानाबाहेरच ठरलेले असते. समोरून एक-दोन चकरा मारताना, कोपऱ्यावर गाडी उभी करून बसलेले असताना किंवा किरकोळ काही विकत घेण्याच्या निमित्ताने आत डोकावताना लुटारू तीन गोष्टी जोखत असतो. गल्ल्यात किती रक्कम हाती लागेल, आत चाललेला प्रकार बाहेरून कोणाला दिसेल का, आणि पैसे घेऊन किती चटकन निसटता येईल. ‘सेव्हन-इलेव्हन’ ही दुकानांची साखळी चालवणाऱ्या साउथलँड कंपनीने १९७०च्या दशकात वर्तनशास्त्राच्या संशोधकांना बरोबर घेऊन दक्षिण कॅलिफोर्नियातील आपल्या दुकानांत प्रयोग केले, तेव्हा पूर्वी लूट केलेल्या माणसांचेही म्हणणे विचारात घेतले होते. गल्ल्यातली रोकड कमी ठेवणे, काचेवरचे अडथळे काढणे, उजेड वाढवणे, पळवाटा कमी करणे आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे, असे साधे बदल काही दुकानांत केले गेले आणि त्यांची तुलना बदल न केलेल्या दुकानांशी केली गेली. बदल केलेल्या दुकानांत लुटी कमी झाल्या. आज जगभर जे उपाय सुचवले जातात, त्यांतले बरेचसे याच विचारातून आलेले आहेत.

यावरून नवख्या दुकानदाराने एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लुटारूला थोपवण्याची संधी तो दाराच्या बाहेर असेपर्यंतच असते, आणि तो शस्त्र काढून काउंटरसमोर उभा राहिल्यावर सांभाळायचा असतो तो फक्त जीव. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन भागांत विभागलेल्या आहेत.

पहिली पायरी : रात्री रस्त्यापलीकडून आपले दुकान पाहा

पूर्ण अंधार पडल्यावर, दुकान नेहमीसारखे चालू असताना, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. काउंटरमागचा माणूस तिथून डोक्यापासून कमरेपर्यंत दिसतो का? त्याचे हात दिसतात का? समोर उभा असलेला ग्राहक आणि गल्ला एकाच नजरेत येतात का? या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर समोरून जाणाऱ्या पोलिसांच्या गाडीलाही काही दिसणार नाही, आणि लुटारूला नेमके हेच हवे असते. काचेवर चिकटवलेल्या जाहिराती, सवलतींचे फलक, दाराशी रचलेली खोकी आणि उंच मांडण्या हे यातले नेहमीचे अडथळे आहेत. काचेचा डोळ्यांच्या पातळीवरचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवावा, आतल्या मांडण्या उभ्या माणसाच्या छातीपेक्षा उंच नसाव्यात, आणि नव्या दुकानाची रचना हातात असेल तर काउंटर दर्शनी काचेजवळ, रस्त्यावरून सरळ दिसेल असा बांधून घ्यावा. काउंटर मागच्या भिंतीशी नेऊन त्यासमोर मालाच्या रांगा लावल्या, की विक्रीची जागा वाढते, पण रात्रपाळीचा माणूस सगळ्या जगाच्या नजरेआड जातो.

उजेडाबाबत एक चूक फार सर्रास होते. दुकानात लख्ख दिवे असतात आणि बाहेर काळोख असतो. अशा वेळी आतून काचेकडे पाहिले, तर काचेत आपलेच दुकान आणि आपलाच चेहरा दिसतो, बाहेरचे काहीही दिसत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र आतली प्रत्येक हालचाल स्पष्ट दिसत असते. याचा पडताळा घेणे सोपे आहे : रात्री एका सहकाऱ्याला बाहेर गाडी उभी करण्याच्या जागेत उभे करा, स्वतः काउंटरमागे जा आणि त्याने हातात काय धरले आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. ओळखता येत नसेल, तर बाहेरचा उजेड आतल्या उजेडाच्या तोडीचा होईपर्यंत वाढवायला हवा. एकच प्रखर दिवा लावून भागत नाही, कारण त्याने डोळे दिपतात आणि त्याच्या कडेला गडद सावल्या पडतात. सगळीकडे सारखा उजेड पसरेल असे अनेक दिवे लावावेत. इमारतीच्या बाजूची बोळ, कचराकुंडीची जागा आणि मागचे दार यांना त्यातून वगळू नये. बंद पडलेला दिवा दुसऱ्या दिवशी बदलला गेलाच पाहिजे. बंद दिव्यांचे दुकान दुर्लक्षित आहे, हे बाहेरच्या माणसाला लगेच कळते.

दुसरी पायरी : गल्ल्यात हाती लागण्यासारखे काही ठेवू नका

सगळ्या उपायांत सर्वांत कमी खर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे. रात्रीच्या व्यवहाराला सुटे पैसे म्हणून किती रक्कम लागते याचा नीट अंदाज घेऊन एक मर्यादा ठरवावी आणि गल्ल्यातली रक्कम कधीही तिच्यावर जाऊ देऊ नये. मोठी नोट आली की ती गल्ल्यात न ठेवता लगेच काउंटरखालच्या तिजोरीच्या फटीतून आत टाकावी. ही तिजोरी जमिनीला किंवा भिंतीला पक्की बसवलेली असावी. तिच्यात पैसे टाकता येतात, पण रात्रपाळीच्या माणसाला ते बाहेर काढता येत नाहीत. ते खरोखरच काढता येऊ नयेत, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. किल्ली किंवा आकडा त्याच्याकडे असेल आणि फलकावर मात्र ‘कर्मचाऱ्याला तिजोरी उघडता येत नाही’ असे लिहिलेले असेल, तर ती लबाडी एखाद्या रात्री त्या माणसाच्याच जिवावर बेतू शकते. काही तिजोऱ्यांत आकडा दाबल्यावर ठरावीक मिनिटांनीच दार उघडते. तेवढा वेळ थांबायची लुटारूंची सहसा तयारी नसते.

हे सगळे केल्यावर ते जाहीरही करायला हवे. गल्ल्यात थोडीच रक्कम असते आणि तिजोरी कर्मचाऱ्यांना उघडता येत नाही, हे दारावर, आत येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर लिहावे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत उघड्या राहणाऱ्या अशा दुकानांसाठी कायदाच केलेला आहे. गल्ल्यात ५० डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम आहे अशी सूचना दारावर लावणे, पैसे टाकायची तिजोरी, सुरक्षा कॅमेरा, गाड्या उभ्या करण्याच्या जागेत पुरेसा उजेड आणि आतले दिसेल अशी काच, या गोष्टी त्यात बंधनकारक आहेत. तुमच्या भागात असा कायदा असो वा नसो, पडताळणीसाठी ही यादी उत्तम आहे.

पैसे मोजायचे काम काउंटरवर कधीही करू नये. ते मागच्या खोलीत, दार बंद करून करावे. बँकेत भरणा करायला जाताना वेळ आणि रस्ता बदलत राहावा, शक्यतो दिवसाउजेडी आणि दोघांनी मिळून जावे, आणि रक्कम बँकेच्या नावाच्या पिशवीत न नेता साध्या पिशवीतून न्यावी. ग्राहकांना कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे देण्याची सोय दिल्याने रोकड आपोआपच घटते.

तिसरी पायरी : पळवाटा आणि दारे

रात्री ग्राहकांसाठी एकच दार उघडे ठेवावे. मागचे दार बाहेरून उघडता येणार नाही, पण आग लागल्यास आतून सहज उघडेल असे असावे. त्याला आतून साखळी-कुलूप घालून बाहेर पडायची वाट बंद करणे धोक्याचे आहे. दुकानामागची मोडकी कुंपणे दुरुस्त करावीत आणि बाजूची झुडपे छाटावीत, कारण गाडी पुढच्या गल्लीत लावून मागच्या बाजूने पायी पळून जाणे लुटारूंना सोयीचे पडते. ज्या दुकानातून बाहेर पडायला एकच उजेडाचा आणि वर्दळीचा रस्ता असतो, ते त्यांना नको असते.

चौथी पायरी : कॅमेरा आणि इतर साधने

नवे दुकानदार सहसा सुरुवात कॅमेऱ्यापासून करतात, म्हणून मी तो मुद्दाम चौथ्या पायरीवर ठेवला आहे. कॅमेऱ्याचा मोठा उपयोग लुटीनंतर तपासात होतो. लुटीआधी त्याचा धाक वाटायचा असेल, तर तो आहे हे आत येणाऱ्याला कळायला हवे. त्यासाठी दारासमोर टीव्हीसारखा एक पडदा लावून आत शिरणाऱ्याला त्याचीच प्रतिमा दाखवावी. छताच्या कोपऱ्यात बसवलेल्या कॅमेऱ्यात पुष्कळदा टोपीचा वरचा भाग आणि खांदे तेवढे येतात आणि ओळख पटण्याजोगा चेहरा येतच नाही. म्हणून एक कॅमेरा दाराजवळ, चेहऱ्याच्या उंचीच्या आसपास, बाहेर पडणाऱ्याच्या समोरून चित्र घेईल असा असावा. रेकॉर्डिंगचे यंत्र काउंटरखाली न ठेवता मागच्या खोलीत कुलपात ठेवावे, नाहीतर लुटारू जाताना तेही उचलून नेतो. आठवड्यातून एकदा मागच्या रात्रीचे चित्रण प्रत्यक्ष लावून पाहावे, घड्याळाची वेळ बरोबर आहे का आणि चेहरे ओळखू येतात का ते तपासावे. कॅमेरा महिनोन्‌महिने बंद होता हे पोलीस आल्यावर कळणे, हे अगदी टाळता येण्याजोगे दुर्दैव आहे.

दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणांची रंगीत पट्टी चिकटवावी. बाहेर पडणाऱ्या माणसाची उंची तिच्यामुळे नेमकी सांगता येते. गुपचूप सूचना देणारे अलार्मचे बटण काउंटरमागे हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी असावे, पण ते दाबताना हालचाल दिसणार असेल तर लुटारू निघून जाईपर्यंत त्याला हात लावू नये, हे कर्मचाऱ्याला बजावून सांगावे. काउंटरखाली शस्त्र ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो कोणालाही देणार नाही. शस्त्राकडे गेलेला हात पाहिला की समोरचा घाबरून वार करतो, आणि पैशांच्या लुटीचे रूपांतर खुनात होते.

पाचवी पायरी : माणसे आणि त्यांच्या सवयी

रात्री एकाने थांबायचे की दोघांनी, हा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो, कारण दुसरा पगार परवडत नाही. फ्लोरिडातील गेन्सव्हिल या शहराने १९८०च्या दशकात रात्री ८ ते पहाटे ४ या वेळेत अशा दुकानांत दोन कर्मचारी असावेत असा नियम केला, आणि त्यानंतर तिथल्या लुटी कमी झाल्या. मात्र त्याच सुमारास लूट करणारे काही संशयित पकडले गेले होते, त्यामुळे घट नेमकी कशाने झाली यावर अभ्यासकांत वाद झाला. माझे मत असे आहे की, दुसऱ्या माणसाने लूट टळतेच असे नाही, पण एकट्या माणसावर जखमी होऊन मदतीविना पडून राहायची वेळ येते ती तरी टळते. ज्या दुकानात आधी लूट झालेली आहे तिथे हा खर्च करावाच. खरोखरच शक्य नसेल, तर ठरावीक वेळानंतर दार बंद ठेवून खिडकीतूनच विक्री करावी.

दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून पाहणे आणि त्याला नमस्कार करणे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. चांगल्या ग्राहकाला ते आपुलकीचे वाटते, आणि वाईट हेतूने आलेल्याला आपला चेहरा नीट पाहिला गेल्याचे समजते. मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला माणूस काउंटरमागे असला, की आत कोण आले आणि कोण बराच वेळ नुसता घुटमळतो आहे, याचा पत्ता लागत नाही. ग्राहक नसताना काउंटरमागे बसून न राहता दुकानात फिरून माल लावावा, फरशी पुसावी. गल्ल्याजवळ कोणी नसेल तर लुटारूला आधी माणूस गाठावा लागतो, आणि त्याचे वेळेचे गणित चुकते.

संशय घ्यायचा तो वागण्यावरून घ्यावा. इंजिन चालू ठेवून गाडीत बसून राहिलेला माणूस, दुकान रिकामे होईपर्यंत रेंगाळणारा, काही न घेता वारंवार येऊन दुकान कधी बंद होते किंवा रात्री कितीजण असतात असे विचारणारा, उकाड्यात जाड कोट घालून आलेला, यांच्याकडे लक्ष ठेवावे, आणि अस्वस्थ वाटत असेल तर पोलिसांना फोन करावा. फोन उगाच ठरला तरी त्यात कमीपणा नाही. वर्ण, भाषा यांवरून माणसांना जोखू नये. तसे करणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यामुळे लक्ष चुकीच्या माणसावर खिळून राहते.

दुकान उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ विशेष जोखमीची असते, कारण तेव्हा रोकड एकत्र केलेली असते आणि ग्राहक नसतात. बंद करण्याआधी स्वच्छतागृह, गोदाम आणि मांडण्यांमागची जागा पाहून आत कोणी लपलेले नाही याची खात्री करावी, दार लावावे, आणि मगच पैशांना हात लावावा. उघडताना दोघे असतील तर एकाने काही अंतरावर गाडीतच थांबावे. दुसऱ्याने आत जाऊन सगळे ठीक असल्याची आधी ठरवलेली खूण करावी, जसे की एखादा ठरावीक दिवा लावणे. खूण दिसली नाही तर बाहेरच्याने आत न जाता पोलिसांना बोलवावे.

सहावी पायरी : प्रत्यक्ष लूट होत असताना

एवढी काळजी घेऊनही लूट होऊ शकते, आणि तेव्हा काय करायचे हे त्या क्षणी सुचत नाही. म्हणून ते आधीच, नुसते कागदावर वाचून न दाखवता, दुकानात उभे राहून दोन-तीनदा करून घ्यावे. एकाने लुटारू व्हावे आणि दुसऱ्याने काउंटरमागे राहावे. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण हाताला आणि जिभेला सवय होते.

मागेल ते द्यावे. वाद घालू नये, विनवण्या करू नयेत, धाडस दाखवू नये. हात समोरच्याला दिसतील असे ठेवावेत, आणि हालचाल करण्याआधी ती सांगावी : “मी आता उजव्या हाताने गल्ला उघडतो आहे.” “पिशवी खाली आहे, ती घ्यायला वाकतो.” अचानक झालेल्या हालचालीने घाबरलेल्या माणसाचे बोट चापावर दाबले जाते, ते अशा वाक्यांनी टळते. मागच्या खोलीत सहकारी असेल किंवा कोणी नुकतेच यायच्या बेतात असेल, तर तेही सांगून टाकावे, म्हणजे कोणी अवचित समोर येणार नाही. मागितले तेवढेच द्यावे. आणखी पैसे कुठे आहेत ते आपणहून सांगू नये. चेहऱ्याकडे रोखून पाहू नये, पण उंची, आवाज, हाताच्या खुणा, पादत्राणे अशा दोन-तीन गोष्टी मनात टिपाव्यात. बहुतेक लुटी एक-दोन मिनिटांत आटोपतात, आणि लुटारूला लवकरात लवकर बाहेर जायचे असते. त्याची वाट अडवू नये आणि त्याच्या मागे पळू नये. मालकाने हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे, की गेलेल्या पैशांचा जाब विचारला जाणार नाही आणि ते पगारातून कापलेही जाणार नाहीत. ज्याला भरपाईची धास्ती असते तोच माणूस शस्त्रासमोर झटापट करतो, आणि त्या झटापटीला मालकही जबाबदार असतो.

सातवी पायरी : लुटारू निघून गेल्यावर

दार आतून लावून घ्यावे, कोणी जखमी असेल तर त्याच्याकडे पाहावे आणि पोलिसांना फोन करावा. पोलिसांनी सांगेपर्यंत फोन ठेवू नये. लुटारूने हात लावलेल्या जागा, सांडलेल्या वस्तू, काउंटरची कड, दाराची मूठ यांना कोणी स्पर्श करू नये. हजर असलेल्या ग्राहकांना थांबण्याची विनंती करावी, आणि कोणाला थांबणे शक्य नसेल तर त्याचे नाव व फोन क्रमांक लिहून घ्यावा. प्रत्येकाने आपापले वर्णन इतरांशी बोलण्याआधी वेगवेगळे लिहावे, कारण आपापसात चर्चा झाली की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होऊ लागतात आणि खरा तपशील पुसला जातो. वरून खाली लिहीत गेले तर काही सुटत नाही : डोके, केस, चेहरा, कपडे, हात, पादत्राणे, त्यानंतर शस्त्र, गाडीचा क्रमांक आणि ती गेली ती दिशा. किती रक्कम गेली हे पोलिसांखेरीज कोणालाही सांगू नये. मोठा आकडा पसरला, तर तो दुसऱ्या लुटारूसाठी आमंत्रण ठरतो.

त्या रात्री काउंटरमागे असलेल्या माणसाला लगेच घरी पाठवावे, पण एकट्याने जाऊ देऊ नये. झोप न लागणे, दाराच्या आवाजाने दचकणे, स्वतःलाच दोष देत राहणे, हे अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसालाही होते आणि कधी कधी आठवडाभराने सुरू होते. त्याच्याशी बोलावे, गरज असेल तर समुपदेशकाकडे न्यावे, आणि तो स्वतः तयार आहे असे म्हणेपर्यंत त्याला रात्रपाळी देऊ नये. परतल्यावरही पहिले काही दिवस त्याच्यासोबत दुसरे कोणीतरी असावे.

एकदा लुटलेले दुकान पुन्हा लुटले जाण्याची शक्यता इतर दुकानांपेक्षा जास्त असते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते, कारण लुटारूला आता आतली रचना, रक्कम आणि कर्मचाऱ्यांच्या वेळा ठाऊक झालेल्या असतात. त्यामुळे दुरुस्तीला पुढच्या महिन्याची तारीख देऊ नये. दुसऱ्याच रात्री पुन्हा रस्त्यापलीकडे उभे राहून दुकान पाहावे, लुटारू ज्या वाटेने आला आणि गेला ती वाट तपासावी, गल्ल्याची मर्यादा आणखी खाली आणावी, पाळ्यांच्या वेळा बदलाव्यात, आणि निदान पहिले काही आठवडे रात्री दोन माणसे ठेवावीत.